लेबल छपाई: पडद्यावरची तपासणी आणि प्रिंटरचे कॅलिब्रेशन

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद व बेदाणा पॅकिंग करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि लेबल छपाईचे सॉफ्टवेअर लिहिताना प्रत्येकाकडचा प्रिंटर आपल्या टेबलावर आणून ठेवता येत नाही. त्यामुळे विंडोजमधील ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ आणि झेडपीएल (झेब्रा कंपनीच्या लेबल प्रिंटरांची आज्ञाभाषा) आज्ञांवरून लेबलाचे चित्र दाखवणारा ऑनलाइन व्ह्यूअर ‘लेबलरी’ ही दोन साधने मी नियमित वापरतो. दोन्ही उपयुक्त आहेत, मात्र त्यांच्या भरवशावर सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘प्रिंट टू पीडीएफ’ ए-फोर आकाराच्या जीएसटी बिलासाठी पुरेसे आहे. बेरजा, पान कोठे तुटते, मराठी जोडाक्षरे नीट उमटतात की नाही, हे सारे कागद न दवडता कळते. पुढे ती पीडीएफ छापताना ‘फिट टू पेज’ऐवजी ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडणे तेवढे विसरू नये.

बारकोडच्या बाबतीत मात्र पीडीएफ फसवी ठरते. ईएएन-13, म्हणजे किरकोळ विक्रीच्या मालावरील तेरा अंकी बारकोडच्या सर्वांत बारीक रेषेची प्रमाणित रुंदी 0.33 मिमी असते आणि ती 80 ते 200 टक्के या मर्यादेत बदलता येते. दुकानांत सर्रास आढळणारा 203 डीपीआयचा (एका इंचात 203 ठिपके छापणारा) थर्मल प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये 8 ठिपके छापतो, म्हणजे त्याचा एक ठिपका 0.125 मिमीचा. त्या हिशेबाने 0.33 मिमीसाठी 2.64 ठिपके लागतात. ते शक्य नसल्याने काही रेषा दोन ठिपक्यांच्या, तर काही तीन ठिपक्यांच्या उमटतात आणि पडद्यावर निर्दोष दिसणारा बारकोड स्कॅनर वाचत नाही. सरसकट दोन ठिपके घेतले तर रुंदी 0.25 मिमी होऊन मर्यादेखाली जाते. म्हणून तीनच घ्यावे लागतात, आणि दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसह बारकोड 42.4 मिमी रुंद होतो. तो 50 मिमीच्या लेबलावर बसतो, 38 मिमीच्या लेबलावर बसत नाही. झेडपीएलमध्ये रेषेची रुंदी पूर्ण ठिपक्यांतच द्यावी लागत असल्यामुळे ‘लेबलरी’त 8 ठिपके प्रति मिमी ही घनता निवडली की ही अडचण लेबलांचा रोल मागवण्यापूर्वीच दिसते. माझ्या लेखी या साधनाचे खरे मोल यातच आहे.

तरीही दोन लेबलांमधील फट प्रिंटरला कोठे सापडते, हे कोणताही व्ह्यूअर सांगू शकत नाही. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे प्रिंटर रोलशी जुळवून घेण्याच्या, वेळी प्रिंटर काही कोरी लेबले पुढे सरकवतो आणि लेबले ज्यावर चिकटलेली असतात त्या नुसत्या पाठकागदातून किती प्रकाश आरपार जातो व लेबलासह किती जातो, यातील फरक सेन्सरकडून टिपून घेतो. रोलचा कागद बदलला की हा फरक बदलतो. हळद पॅकिंगच्या जागी तर सेन्सरवर पिवळ्या पुडीचा थर बसतो आणि मजकूर हळूहळू खाली सरकत पुढच्या लेबलावर जातो. अशा वेळी प्रोग्रॅममधील मोजमापांना हात लावू नये. कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सेन्सर पुसावा आणि मगच पुन्हा कॅलिब्रेशन करावे.

छपाईच्या गडदपणाचेही तसेच आहे. झेडपीएलमध्ये तो 0 ते 30 या आकड्यांत ठरवता येतो. तो जास्त झाला तर रेषा जाड होऊन मधल्या फटी बुजतात, कमी झाला तर रेषा तुटक येतात, आणि योग्य आकडा ग्राहकाच्या स्वतःच्या रोलवर छापून, त्याच्याच स्कॅनरने वाचून पाहिल्याशिवाय सापडत नाही.

हे काम नव्याने हाती घेणाऱ्याने 203 डीपीआयचा एक साधा लेबल प्रिंटर अवश्य विकत घ्यावा. ‘लेबलरी’त लेबल पाहताना मजकूर इंटरनेटवरून दुसऱ्याच्या सर्व्हरकडे जातो, तेव्हा तेथे व्यापाऱ्याचे खरे नाव आणि भाव न टाकता नमुन्यादाखल माहिती वापरावी.