श्रोणीची प्रतिकृती: अल्कॉकच्या मार्गाजवळ कमी पडणारी

आमच्या फिजिओथेरपीच्या वर्गासाठी घेतलेल्या, स्नायू सुटे करता येणाऱ्या प्लास्टिकच्या स्त्री-श्रोणीचे हे परीक्षण प्युडेंडल मज्जातंतूच्या, म्हणजे जननेंद्रिये व गुदद्वाराभोवतीच्या भागाला संवेदना देणाऱ्या तंतूच्या, मार्गापुरतेच आहे. सायकलस्वारांना बैठकीत येणारा बधिरपणा किंवा बसल्यावर वाढणारे दुखणे समजून घेताना विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात.

मार्गाचा पूर्वार्ध उत्तम साधला आहे. त्रिकास्थीजवळच्या दुसऱ्या ते चौथ्या मुळांपासून निघालेला पिवळा तंतू पिरिफॉर्मिस स्नायूखालून बाहेर पडतो, इश्चियल स्पाइनला (बैठकीच्या हाडाच्या टोकाला) मागून वळसा घालतो आणि लहान सायॅटिक छिद्रातून पेरिनियमकडे (जननेंद्रिये व गुदद्वार यांच्या भागाकडे) वळतो. ते हाडाचे टोक बोटाला स्पष्ट लागते. प्रसूतीच्या वेळी डॉक्टर योनीमार्गातून हेच टोक चाचपून त्याच्याजवळ भुलीचे इंजेक्शन देतात, त्यामुळे ही बारकाई फार मोलाची आहे.

पुढे मात्र घोटाळा होतो. अल्कॉकचा मार्ग (हा तंतू ज्यातून पुढे जातो ती पोकळी) म्हणून एक करडी नळी ऑब्ट्युरेटर इंटर्नस स्नायूवर वरून चिकटवली आहे. प्रत्यक्षात अशी सुटी नळी शरीरात नसते. त्या स्नायूवरच्या फॅशियाचेच (आवरणाचेच) पदर सुटून ही पोकळी तयार होते, ती इश्चिओअॅनल खळगीच्या (गुदद्वाराच्या बाजूच्या, चरबीने भरलेल्या खळगीच्या) बाहेरच्या भिंतीत असते, आणि मज्जातंतूबरोबर धमनी व शीरही तिच्यातूनच जातात. शिवाय गुदद्वाराकडे जाणारी शाखा नळीच्या पुढच्या टोकातून काढली आहे, वास्तविक ती सहसा सुरुवातीलाच वेगळी होऊन खळगीतील चरबीतून आडवी जाते. तंतू कुठे दाबला गेला आहे याचा अंदाज बांधणाऱ्याची अशा चित्रणाने दिशाभूल होते.

सोबतच्या पुस्तिकेत 'अल्कॉक' हे नाव नुसते छापले आहे, याचे मला वाईट वाटते. आयर्लंडचे बेंजामिन अल्कॉक यांनी १८३६ मध्ये रॉबर्ट टॉड यांच्या शरीररचनेवरील ज्ञानकोशात इलियॅक (श्रोणीतील मोठ्या) धमन्यांविषयी लिहिताना या मार्गाचे वर्णन केले, म्हणजे तो नावारूपाला आला तो रक्तवाहिनीच्या निमित्ताने. पुढे ते कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात शरीररचनेचे प्राध्यापक झाले, शवविच्छेदनाच्या कायद्यावरून झालेल्या वादात त्यांना पद सोडावे लागले, आणि १८५५ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यानंतरचा त्यांचा माग इतिहासाला लागलेला नाही. एवढा मजकूर अर्ध्या पानात बसला असता.

हाडे, अस्थिबंध आणि इश्चियल स्पाइन शिकवण्यासाठी प्रतिकृती अवश्य घ्यावी. अल्कॉकच्या मार्गासाठी मात्र ती नळी काढून ठेवावी आणि स्नायूवर पातळ कापडाचे दोन पदर लावून त्यांच्यामधून तंतू ओवून दाखवावा.