धानाला युरिया: फेकावा की गोळ्या गाडाव्यात?

फेकण्याची सोय मी नाकारत नाही. भंडाऱ्याकडे आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं. एक माणूस एका सकाळी एकराचं काम उरकतो. युरिया-डीएपीच्या, म्हणजे नत्र आणि स्फुरद एकत्र दाबलेल्या गोळ्यांचं तसं नाही. चार चुडांच्या (रोपांच्या ठोंबांच्या) मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. एकरी जवळपास 25 हजार गोळ्या होतात, आणि प्रत्येक हातानं दाबायची. बायांच्या कमरा भरून येतात, मजुरी वाढते. रोवणीही (रोपांची लावणी) दोरी धरून सरळ ओळीत करावी लागते.

तरी मी गोळ्यांकडे वळलो, ते पाणी सोडण्याच्या कटकटीमुळे. माझी बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, गावच्या बोडीच्या (लहान तळ्याच्या) लगेच वर आहे, आणि बोडीचं पाणी पुढे मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात जातं. युरिया फेकायचा तर बांधीतलं पाणी आधी कमी करायचं, मग दोन-तीन दिवस अडवून धरायचं. श्रावणातला पाऊस तेवढी सवड देतच नाही. रात्री झोडपून काढलं की पारी (शेताचा बांध) फुटू नये म्हणून पहाटे तोड देऊन पाणी सोडावंच लागे, आणि काल टाकलेलं खत डोळ्यांदेखत बोडीत उतरे. मग पुन्हा एक बॅग. एका हंगामात हे तीनदा झालं. त्याच वर्षी बोडीच्या कडेनं हिरवं शेवाळ दाटलं. जाळं टाकणारे ढिवर म्हणाले, "भाऊ, पाण्याले वास येऊन रायला." सगळं माझ्याच खतानं झालं असं नसेल, गुरांचं शेण, वरची मातीही तिथंच येते. पण माझा वाटा मी पाहिला होता.

2015 पासून युरिया नीमलेपित मिळतो. त्यानं नत्र सावकाश सुटतं हे खरं, पण पारीवरून वाहणारं खत थांबत नाही. चिखलात गाडलेलं नत्र मातीला धरून राहतं, वरच्या पाण्यात थोडंच येतं. शेवाळाला पोसणारं स्फुरदही खालीच राहतं. आता तोड देताना जीव खालीवर होत नाही, आणि दुसऱ्यांदा बॅग आणावी लागलेली नाही.

मुरमाड, पाणी न धरणारी जमीन असेल तर गोळ्यांचा आग्रह मी धरणार नाही. तिथं नत्र खाली झिरपून जाईल. बाकी ठिकाणी निदान बोडीला लागून असलेल्या बांध्यांत यंदा गोळ्या गाडून पाहा. उरलेल्या शेतात फेकायचंच असेल, तर आधी पारी उंच करून घ्या.