कोकणातल्या उन्हाळ्यात प्रवाळटाकीचा चिलर: दोन मोसमांचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या घरी 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत लेदर कोरल, मशरूम, झोअँथिड ही दगडी सांगाडा नसलेली प्रवाळे आणि क्लाउनफिश माशांची एक जोडी आहे. (दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत येत असल्याने ते ठेवण्याचा विचारही केलेला नाही.) या टाकीसाठी घेतलेला 1/10 अश्वशक्तीचा चिलर, म्हणजे टाकीचे पाणी गार करणारे यंत्र, दोन उन्हाळे वापरल्यानंतर हा अभिप्राय देत आहे.

त्याआधी सगळी भिस्त पंख्यांवर होती. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्च होते, ती 200 लिटरच्या टाकीचे तापमान हिशेबाने जवळपास 3 अंश उतरवू शकते, आणि देशावरच्या कोरड्या हवेत पंखा हे काम चोख करतो. पण जिथे मिठाच्या बरणीला मे महिन्यातच पाणी सुटते, तिथे वाफ होणार तरी किती? शिवाय जेवढी वाफ होते तेवढी क्षारता वाढते, म्हणून रोज आरओचे पाणी घालावे लागते ते वेगळेच. पाणी 31 अंशांवर गेले त्या दुपारी लेदर कोरलने आपली सगळी बोटे आत ओढून घेतली होती आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने मासे वर येऊन धापा टाकत होते. असा ताण टिकला, तर प्रवाळाला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले त्याच्या पेशींतून बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडते. 1998 मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले होते.

चिलरने पाणी 26 ते 27 अंशांच्या दरम्यान राखले, हे निःसंशय. तक्रार आहे ती विक्रेत्याच्या सल्ल्याबद्दल. टाकीखालच्या बंद कपाटात यंत्र ठेवले तरी चालेल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. वास्तविक चिलर पाण्यातली उष्णता नाहीशी करत नाही, बाहेरच्या हवेत सोडतो. त्यामुळे कपाट तापले, त्यापाठोपाठ माजघर तापले आणि यंत्र दिवसभर थांबेना. अखेर भिंतीला भोक पाडून चिलर पडवीत नेला. नळ्या लांबल्याने अधिक ताकदीचा पंप घ्यावा लागला आणि नळ्यांवर दव धरू लागल्याने त्यांना फोमचे वेष्टण घालावे लागले, परंतु तेव्हापासून यंत्र मधूनमधून विश्रांती घेऊ लागले.

पडवीत खारे वारे थेट लागतात, याची किंमत मात्र मोजावी लागते. पहिल्या पावसाळ्याआधी जाळी काढून पाहिली, तेव्हा कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांवरून फिरवलेल्या बोटाला पांढरा चिकट थर लागला आणि जाळीचे स्क्रू गंजून लालसर झाले होते. आता दर पंधरा दिवसांनी वीज बंद करून मऊ ब्रशने पाती साफ करतो. माहितीपुस्तिकेत धुळीचा उल्लेख आहे, मिठाचा नाही; किनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते.

वीज गेल्यावर आमच्या इन्व्हर्टरवर फक्त पाणी खेळते ठेवणारा पंप आणि एक पंखा चालतो. त्यासाठी आरओच्या पाण्याच्या दोन घट्ट बंद बाटल्या फ्रीजरमध्ये नेहमी गोठवून ठेवतो आणि एका वेळी एकच संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीत) सोडतो, कारण पाणी एकदम गार झाले तर तेही प्रवाळाला सोसत नाही. 100 लिटरच्या आतील टाकी ज्यांच्याकडे आहे आणि ती घरातल्या वातानुकूलित खोलीत ठेवता येते, त्यांनी हा खर्च करू नये. इतरांनी यंत्र घेण्याआधी त्याची गरम हवा घराबाहेर कुठून काढायची, ती जागा ठरवावी.