आमच्या गावची ओपन जिम: कोणती मशीन कामाची, कोणती नुसती झुलायची

जिल्हा परिषदेच्या शाळेमागे, हनुमान मंदिराच्या बाजूला आमच्या ग्रामपंचायतीने ओपन जिम बसवली. तिने आता उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा तिन्ही पाहिले आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातलं हे कापसाचं गाव. नऊ मशीन, एक लोखंडी बाक आणि सोलरचा एक दिवा, एवढा सगळा संसार. मी या गावची आशा. तिशीच्या वरच्या माणसांचे सी-बॅक फॉर्म (शुगर, बीपीसारख्या आजारांचा धोका गुण देऊन ओळखायचा सरकारी फॉर्म) भरायचे, कंबर मोजायची, बीपी-शुगरच्या तपासणीला उपकेंद्रात आणायचं हे माझं काम. त्यामुळे जिम मी स्वतः वापरते आणि कोणाला कोणत्या मशीनवर बसवायचं हेही सांगते. आजूबाजूची गावंही आता जिम मागू लागली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निकाल. गावाला जिम हवीच होती आणि पाचपैकी साडेतीन गुण मी तिला मनापासून देते. उरलेले दीड गुण कापले ते मशीनची निवड, सावलीचा अभाव आणि देखभाल या तीन गोष्टींसाठी.

सी-बॅकमध्ये एक प्रश्न आहे: आठवड्यातून किमान 150 मिनिटं शारीरिक हालचाल होते का? हा विचारला की बाया हसतात. "वावरात मरमर करतो, थो व्यायाम नाय का व बाई?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून चालत नाही. माझ्या लहानपणी निंदणाला बायांची रांग लागायची, आता तणनाशकाचा पंप फिरतो. डवऱ्याचं, वखराचं काम बरंचसं ट्रॅक्टरकडे गेलं. वावरात जायला दुचाकी आली. कापूस वेचणीत दिवसभर वाकून कंबर मोडते, बोटं फाटतात, पण मांडीला आणि दंडाला वाढता भार मिळत नाही आणि धापही लागत नाही. वेचणी संपली की पुढे टोबणीपर्यंत कित्येक घरांत अंगमेहनत अशी नसतेच. म्हणजे कष्ट आहेत, त्यात शंका नाही. पण शरीराला ज्या प्रकारचा जोर लागतो, तो त्यातून मिळतोच असं नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. "मी तर काडीसारखी हाव, मले शुगर कशी?" याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिलं आहे. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. काट्यावर आपण बारीक दिसतो, आत मात्र स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. म्हणून मी वजनापेक्षा कंबरेच्या टेपवर भर देते. बाईची 80 सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची 90 च्या वर गेली की फॉर्मवर गुण चढायला लागतात.

या स्नायूंवरच सगळं अवलंबून आहे. जेवणातून आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीने रक्तातून उचलणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे अंगावरचे स्नायू. शुगरवाल्याचे स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. पण स्नायू जोर लावून आखडला, की ग्लूट-4 नावाची प्रथिनं पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनशिवायही साखर आत घेतात. हे मला उपकेंद्रातल्या सीएचओ (आरोग्य अधिकारी) मॅडमनी समजावून सांगितलं तेव्हापासून मी प्रत्येक मशीनकडे एकाच नजरेने बघते: कोणत्या स्नायूला, किती जोर लागतो?

या नजरेने पाहिलं तर सगळ्यात जास्त गर्दी असलेली मशीन सगळ्यात कमी कामाची निघते. चालायची मशीन. दोन पट्ट्यांवर पाय ठेवायचे, दांडी धरायची आणि पाय पुढे-मागे सोडायचे. लय सुरू झाली की पट्ट्या आपोआप जातात, मांडीला फारसं काही करावं लागत नाही. मध्यम व्यायामाची साधी ओळख अशी की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. या मशीनवर आमच्या बाया आख्खं भजन म्हणतात. लोकांना ती आवडते, मुलं हसतखेळत येतात, हे चांगलंच आहे, पण ती वेळ 150 मिनिटांत धरू नका. त्यापेक्षा गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत झपाझप चालून या. आणि वयस्कर माणसांना या मशीनवर एकटं सोडू नका. एक पाय जमिनीवर टेकला तरी दुसरी पट्टी हलत असते, त्यात लुगड्याचा घोळ अडकतो.

कंबर फिरवायची चकती आणि खांद्याचं चाक सांधे मोकळे करायला ठीक आहेत. चकतीने पोट कमी होतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

माझी खरी आवडती मशीन कोपऱ्यातली, पायाने ढकलायची. खुर्चीत बसायचं, समोरच्या पाट्यांवर तळवे टेकवायचे आणि ढकलायचं, की खुर्ची आपल्यासकट मागे-वर जाते. भार आपल्याच वजनाचा. उठणं, बसणं, पायऱ्या चढणं, एसटीत चढणं, सगळं ज्या मांड्यांवर चालतं त्या मांड्या इथे भरून येतात. सुरुवातीला दहा वेळा ढकलताना चेहरा लाल होतो. काही आठवड्यांनी तेच सहज जमतं, आणि या जिमची सगळ्यात मोठी उणीव तिथेच दिसते. भार वाढवायची सोयच नाही.

ही उणीव छोटी नाही. 1990 मध्ये डॉ. मारिया फियातारोन यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात दहा जण घेतले. वय 86 ते 96. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम करवून घेतला. भार हलका नव्हता, एका वेळी जास्तीत जास्त जेवढा उचलता येईल त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत, आणि ताकद वाढेल तसा तोही वाढवत नेला. मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. नव्वदीतल्या माणसांची! 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला हा अभ्यास मी गावात इतक्यांदा सांगितला आहे की पोरं आता माझ्याआधी आकडा म्हणतात. पण त्यात भार वाढत गेला होता, हे विसरायचं नाही. आम्ही त्यावर देशी उपाय काढले आहेत. दोन्ही पाय सोपे झाले की एका पायाने ढकलायचं. परत येताना चार अंक मोजत सावकाश यायचं. त्याहीपुढे मांडीवर रेतीची पिशवी घेऊन बसायचं. खुर्ची आपल्यासोबत वर जात असल्यामुळे पिशवीचं वजनही ढकलावं लागतं.

छातीने ढकलायची आणि वरून ओढायची या दोन मशीनही अशाच आहेत आणि चांगल्या आहेत. फक्त जड अंगाच्या बाईला पहिल्या दिवशी ओढायची मशीन हलतच नाही, ती हिरमुसून परत जाते. तिला मंदिराच्या ओट्यावर हात टेकवून तिरके जोर मारण्यापासून सुरुवात करू द्या.

पंचेचाळिशीतले पुरुष येतात तेव्हा त्यांचं एकच म्हणणं असतं, वय झालं, शरीर मंदावलं, म्हणून पोट सुटलं. त्यांना मी हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांचं 2021 मधलं काम सांगते. 'सायन्स' या नियतकालिकात आलं होतं. 29 देशांतल्या 6400 हून अधिक माणसांची, आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धांपर्यंत, रोजची ऊर्जा मोजली गेली. शरीराचा आकार हिशेबात घेतला तर विशी ते साठी हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारे 0.7 टक्क्याने उतरतो. तेव्हा चाळिशीतल्या पोटाचं खापर वयावर फोडता येत नाही.

आता त्या लोखंडी बाकाबद्दल. ग्रामपंचायतीने तो टेकायला ठेवला, आणि मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसांसाठी अख्ख्या जिममध्ये तीच पहिली वस्तू आहे. माझे मामाजी, म्हणजे सासरे, मागच्या पावसाळ्यात तापाने खाटेला खिळले. ताप गेला, पण ते उठेनात. "आता माह्याच्यानं होत नाही पोरी," असं म्हणायचे. घरातल्या सगळ्यांना वाटलं, वयच झालं. पण 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला एका अभ्यासासाठी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमछाक सोसायची क्षमता जितकी घटली नव्हती, तितकी त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटली होती. तरुणांचं हे, तर मामाजींचं काय होणार? मी त्यांना घरात आधी खाटेवरून आणि मग बाकावरून उठ-बस करायला लावलं. सुरुवातीला मी आणि माझा मुलगा दोन्ही बाजूंनी धरायचो. नंतर ते हात टेकवून उठू लागले, मग हात छातीवर बांधून. आता संध्याकाळी काठी घेऊन स्वतः बाकापर्यंत येतात आणि इतर म्हाताऱ्यांनाही उठवतात. मशीनपैकी एकाही मशीनवर ते बसलेले नाहीत.

सोलरच्या दिव्याला पूर्ण गुण. त्याच्यामुळे जेवणानंतर बाहेर पडता येतं. 2013 मध्ये लोरेटा डीपिएत्रो यांनी साठीपुढच्या दहा जणांवर एक छोटा अभ्यास केला. प्रत्येक जेवणानंतर 15 मिनिटं चालल्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर जितकी खाली आली, तितकी सलग 45 मिनिटांच्या चालण्याने आली नाही. दहा माणसांवरून जगाचा निर्णय होत नाही, हे मला कळतं. पण आमच्याकडे रात्रीचं जेवण आठला आणि साडेआठला अंथरूण, अशी रीत. त्यामुळे शुगरवाल्यांना मी जेवल्यावर मैदानाला फेऱ्या मारायलाच सांगते. आपल्याकडच्या माणसांवरचा मोठा अभ्यासही आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी 531 जणांवर केलेला, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला. शुगरच्या उंबरठ्यावरच्या माणसांना आहार आणि व्यायाम नीट करायला लावल्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने 26.4 टक्क्यांनी घटलं.

ज्यांच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी जोराचा व्यायाम नको. साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. खिशात साखरेची पुडी ठेवा. पायाला मुंग्या येत असतील तर अनवाणी येऊ नका. छातीत दुखलं, बीपी फार चढलेलं असलं तर आधी डॉक्टर, मग मशीन.

तक्रारी सांगते. मे महिन्यात सकाळी आठनंतर दांड्यांना हात लावला की चटका बसतो. शेड नाही आणि लावलेली कडुनिंबाची रोपं अजून गुडघाभर आहेत. पावसाळ्यात मशीनभोवती काळ्या मातीचा असा चिखल होतो की चप्पल रुतून बसते. सायकलच्या मशीनचं बेअरिंग गेलं, ओढायच्या मशीनचा बोल्ट सैल झाला, बसवणाऱ्या कंपनीच्या स्टिकरवरचा फोन कोणी उचलला नाही. शेवटी गावातल्याच वेल्डिंगवाल्या भावाने पैसे न घेता दोन्ही दुरुस्त केलं आणि ग्रीसही भरलं. त्याचे उपकार आहेत.

तुमच्या गावच्या आराखड्यात जिम येणार असेल, तर ग्रामसभेत एवढं मागा. चालायची मशीन एकच पुरे. पायाने ढकलायच्या दोन घ्या, आणि ढकलायच्या-ओढायच्या मशीन घेताना भार कमी-जास्त करता येईल अशाच घ्या. पाठ टेकता येईल असे दोन उंचीचे बाक आणि म्हाताऱ्यांना धरून उभं राहायला, तोल सांभाळायला कमरेइतकी दांडी. खाली पेव्हर ब्लॉक, वर शेड, रात्रीला दिवा. देखभाल किती वर्षं आणि कोणी करायची, हे पैसे देण्याआधी कागदावर. आणि बायांची वेळ ठरावात लिहून घ्या, तोंडी नको. आमच्याकडे पहाटे पाच ते सात ही वेळ बायांची आहे, त्या वेळी पोरं मैदानात येत नाहीत. शेजारच्या गावच्या कोणा बाईला आधी वापरून बघायचं असेल तर तेव्हाच या, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून आलात तर सोपं जाईल. मी तिथेच असते.