कोपऱ्यातला प्रशिक्षक की रिंगमधला पंच: व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या दोन वाटा

हौशी बॉक्सिंग संपले आणि तरीही याच खेळात राहायचे आहे, अशा मुलामुलींपुढे व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये खऱ्या अर्थाने दोनच वाटा उरतात: कोपऱ्यात प्रशिक्षक म्हणून उभे राहायचे, नाहीतर पंच म्हणून दोरांच्या आत जायचे. लढती भरवणारा प्रवर्तक किंवा त्या जुळवणारा मॅचमेकर होण्यासाठी भांडवल आणि ओळखी लागतात, आणि जखमेतले रक्त थांबवणारा कटमन हा परदेशात स्वतंत्र पेशा असला तरी आपल्याकडे बहुतेक वेळा ते काम प्रशिक्षकच उरकतो. मी काही वर्षे प्रशिक्षक म्हणून पॅड धरले आणि नंतर पंचाच्या कामाकडे वळलो. त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असा दावा करणार नाही. प्रत्येकाने ते स्वतःच्या स्वभावाशी ताडून पाहावे.

पैशाच्या बाबतीत प्रशिक्षकाचे पारडे जड आहे, हे आधीच मान्य करतो. लढतीच्या मानधनातले दहा टक्के प्रशिक्षकाचे, ही जगभर रूढ असलेली प्रथा आहे. पण नवख्या खेळाडूचे मानधनच इतके तुटपुंजे असते की पुष्कळ प्रशिक्षक ते दहा टक्के मागतही नाहीत. त्यांचा संसार चालतो तो व्यायामशाळेच्या मासिक शुल्कावर. शिवाय पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असेल, तर सरकारी आणि शालेय प्रशिक्षकपदांची दारे उघडतात. पंचाला ठरलेली रक्कम मिळते आणि निकाल काहीही लागला तरी ती बदलत नाही, मात्र ती मिळण्यासाठी आधी लढती व्हाव्या लागतात. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ५ ऑगस्ट २०१७ रोजी विजेंदर सिंगने झुल्पिकार मैमैतियालीला हरवले, तशा रात्री आपल्याकडे थोड्याच येतात. माझी रेल्वेची नोकरी नसती, तर केवळ पंचगिरीवर घर चालले नसते. ज्याला पूर्णवेळ याच क्षेत्रात पोट भरायचे आहे, त्याने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

प्रशिक्षकाच्या कामाचे मोठेपण मला आजही तितकेच वाटते. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्यातली चौदावी फेरी संपली, तेव्हा फ्रेझरचे डोळे जवळजवळ मिटले होते. तो पंधराव्या फेरीसाठी हट्ट धरून बसला होता, आणि त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिले नाही. खेळाडूला त्याच्याच इच्छेविरुद्ध वाचवण्याचा हा अधिकार वर्षानुवर्षांच्या सहवासातून मिळतो. एका मिनिटाच्या विश्रांतीत स्टूल ठेवायचे, दातांचे कवच काढायचे, सुजेवर थंड लोखंड दाबायचे, कापसाच्या बोळ्याने जखमेत अॅड्रिनालिन भरायचे आणि हे सगळे करताना एकच, ध्यानात राहील अशी सूचना द्यायची, हे ज्याला जमते त्याच्याविषयी मला नितांत आदर आहे.

तरीही मी कोपरा सोडला, आणि त्याचे कारण वजन उतरवणे हे आहे.

हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होते, म्हणून मुलाला फार सुकवून चालत नाही. व्यावसायिक लढतीचे वजन साधारणपणे आदल्या दिवशी होते, आणि या एका दिवसाच्या फरकातून सगळा उपद्रव सुरू होतो. एरवी ६७-६८ किलो असलेल्या मुलाला ६१.२ किलोच्या लाइटवेट गटात लढवले, की तो काट्यावर बारीक दिसतो आणि दुसऱ्या रात्री पाणी पिऊन भरलेला, प्रतिस्पर्ध्यापेक्षा थोराड असा रिंगमध्ये उतरतो, असा हा हिशेब. समोरचा तेच करणार असल्यामुळे आपणही करायचे, हे प्रत्येक कोपऱ्यात ऐकू येते. हिशेब प्रशिक्षक मांडतो आणि तो वसूल होतो मुलाच्या शरीरातून.

शेवटच्या दोन दिवसांतला मुलगा कसा दिसतो, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसते. प्लास्टिकच्या सूटवर जाड स्वेटर घालून तो दोरीवर उड्या मारतो, च्युइंगगम चघळत कागदी पेल्यात थुंकत राहतो, जीभ पांढरी पडते, ओठ फाटतात. प्रत्येक वेळी काट्यावरून उतरला की तो “सर, किती?” एवढेच विचारतो, आणि अजून तीनशे ग्रॅम आहेत हे मी सांगायचे असते. पाणी मागितले तर नाही म्हणायचे. ज्या मुलाच्या आईने विश्वासाने त्याला आपल्या हवाली केले आहे, त्याला आपणच तहानलेला ठेवायचे, हे माझ्याकडून मन लावून होईना. दर लढतीआधी हेच असल्यामुळे सवय होईल असे मला वाटले होते, पण झाली नाही.

यात केवळ हळवेपणा नाही, हे सांगायला हवे. २६ फेब्रुवारी २००० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आर्तुरो गाटी आणि जोई गमाश लढले. मर्यादा १४१ पौंडांची होती. लढतीच्या रात्री दूरचित्रवाणी वाहिनीच्या काट्यावर गाटी १६० पौंड भरला. गमाश दुसऱ्या फेरीत कोसळला आणि पुन्हा कधी लढला नाही. जागतिक किताब देणाऱ्या काही संघटनांनी नियम केले: डब्ल्यूबीसीच्या अजिंक्यपदाच्या लढतींसाठी ३० दिवस आणि ७ दिवस आधीही वजन पाहिले जाते, तर आयबीएफने लढतीच्या दिवशी सकाळी दहा पौंडांहून अधिक वाढ चालू न देण्याचा नियम केला. हे सगळे किताबी लढतींपुरते आहे. चार फेऱ्यांच्या लढतीतल्या पोराला त्याचा काही आधार नाही.

पंचाला या प्रकारातले काहीच करावे लागत नाही. त्याची आणि मुलाची गाठ पडते ती ग्लोव्हज चढल्यावर. मनगटावरची टेप तपासायची, पट्टा बेंबीच्या वर गेला आहे का पाहायचे, सूचना द्यायच्या आणि मग दोन पावलांवरून त्याचे डोळे वाचत राहायचे. मुलगा खाली पडून उठला की मी आठपर्यंत मोजतो, त्याला माझ्याकडे चालत यायला सांगतो आणि ग्लोव्हज माझ्या शर्टावर पुसतो. त्या दोन-तीन पावलांत तो सरळ येतो की बाजूला कलतो, यावरून पुष्कळ कळते. वजन उतरवून पाय गेलेला मुलगा तिथे लपत नाही, आणि तिथे थांबवण्याचा अधिकार माझा असतो, कुणाला विचारावे लागत नाही.

या अधिकाराची किंमतही आहे. १७ मार्च १९९० रोजी हुलियो सीझर चावेझ आणि मेल्ड्रिक टेलर यांची लढत पंच रिचर्ड स्टील यांनी शेवटच्या फेरीतले दोन सेकंद उरले असताना थांबवली आणि चावेझ जिंकला. तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर टेलर पुढे होता, आणि स्टील यांना त्या निर्णयाबद्दल लोक आजही बोल लावतात. मला तो निर्णय योग्यच वाटतो. उलट १९६२ मध्ये ग्रिफिथ आणि पॅरेट यांच्या लढतीत पंच रूबी गोल्डस्टीन यांचा हस्तक्षेप उशिरा आला, पॅरेट दगावला, आणि गोल्डस्टीन यांची पंच म्हणून कारकीर्द तिथेच जवळजवळ संपली. रिंगबाहेर बसून गुण देणाऱ्यालाही सुटका नाही: २०१७ मध्ये कानेलो आणि गोलोवकिन यांच्या चुरशीच्या लढतीत अॅडलेड बर्ड यांनी कानेलोला ११८-११० असे पुढे ठेवले, आणि ते आकडे त्यांच्या नावाला कायमचे चिकटले.

एकटेपण हा दुसरा तोटा. ज्या व्यायामशाळेत मी वाढलो, तिथल्या मुलांच्या लढती मी घेत नाही, आणि त्यांच्याबरोबर उठबसही बेताची ठेवावी लागते. ज्याला माणसांत रमायला आवडते, त्याला हे जाचेल, आणि अशा माणसाने कोपऱ्यातच जावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ज्याचे मन अजून ठरत नाही, त्याने ओळखीच्या प्रशिक्षकाला विनंती करून वजनाआधीचे दोन दिवस त्याच्या व्यायामशाळेत काढावेत. त्यानंतरही कोपरा हवासा वाटला, तर तो त्याचाच आहे. शंका उरली, तर पंचाच्या परीक्षेपासून सुरुवात करणे अधिक सोयीचे ठरते, कारण पंचगिरी सोडून कोपऱ्यात केव्हाही जाता येते, पण ज्याने दहा वर्षे निम्म्या शहरातल्या मुलांना शिकवले आहे, त्याला त्याच शहरात पंच म्हणून उभे राहायला लढतीच उरत नाहीत.