घरी येऊन ई-कचरा नेणारी सेवा: एक अनुभव

कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले दोन मोबाइल, एक लॅपटॉप आणि चार्जरांचा गुंता ई-कचरा गोळा करणाऱ्या एका सेवेकडे सोपवला, त्याचा हा अनुभव. न्यायला आलेल्या ताईंनी पहिला मोबाइल हातात घेताच त्याचे मागचे झाकण फुगल्याचे दाखवले. लिथियम बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून तो त्यांनी इतर वस्तूंत न मिसळता वाळू भरलेल्या डब्यात वेगळा ठेवला. ही काळजी मला फार मोलाची वाटली, कारण एरवी भंगारात गेलेल्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात आणि त्या विषारी धुरात माणसे, कधी लहान मुलेही, राबतात. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. लॅपटॉपमधील माहिती कायमची पुसून घ्या, असे कोणीही सांगितले नाही. ते मी आधीच केले होते म्हणून निभावले. शिवाय वस्तू पुढे कोणत्या केंद्रात जाणार, हे विचारल्यावरच कळले; ते पावतीवर छापलेले असायला हवे.