गुजरीतून घेतलेल्या हिऱ्याच्या कुड्या

मुलीच्या लग्नासाठी हिऱ्याच्या कुड्या घ्यायचे ठरले, तेव्हा साज आणि ठुशी जिथून घेतली त्या गुजरीतल्याच, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्याच, एका जुन्या पेढीत आम्ही गेलो. मात्र सोन्याची बऱ्यापैकी पारख असलेल्या आमच्या घरात हिऱ्यातले कोणालाच काही कळत नव्हते, हे आधीच मान्य केलेले बरे. त्यापूर्वी शहरातल्या एका मोठ्या दालनात जाऊन आलो होतो. तेथे ‘ईएफ, व्हीव्हीएस, एक कॅरेट’ (अनुक्रमे रंग, शुद्धता आणि वजन) एवढेच पुन्हापुन्हा ऐकवले गेले आणि हे एक कॅरेट दोन्ही कुड्यांतील चौदा हिऱ्यांचे मिळून आहे, हे आम्ही खोदून विचारल्यावरच सांगण्यात आले. सोन्याचा कॅरेट ही शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट हे वजन, म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग तो सेंट. तेवढ्याच प्रतीचा कॅरेटभर वजनाचा एकच हिरा दुर्मीळ असल्याने त्याचा प्रतिकॅरेट भाव सात सेंटच्या हिऱ्यांपेक्षा कितीतरी चढा असतो. त्यामुळे नुसत्या एकूण वजनावरून किमतीची तुलना करणे व्यर्थ आहे.

गुजरीतल्या पेढीत मालकांनी घडवलेला दागिना पुढे न ठेवता आधी कागदाच्या पुड्या सोडल्या. घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर एफ आणि एच या दोन रंगांचे खडे त्यांनी पालथे मांडले, तेव्हा एचमधली किंचित पिवळसर झाक आम्हालाही दिसली. (रंगाची ही श्रेणी निर्मळ पांढऱ्या ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत उतरत जाते.) तेच खडे सुलटे करून पिवळ्या सोन्याच्या कोंदणाशेजारी धरल्यावर मात्र दोन्हींतला फरक दिसेनासा झाला. आम्ही एच निवडला. शुद्धतेचेही तसेच. ती दहापट भिंगाखाली ठरवतात, आणि व्हीव्हीएस प्रतीतला दोष जाणकारालाही भिंगातून महत्प्रयासाने सापडतो. त्याखालच्या व्हीएस प्रतीतलाही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कुडीतल्या एवढ्याशा खड्यासाठी व्हीव्हीएसचा आग्रह धरणे, माझ्या मते, भिंगाच्या समाधानासाठी पैसे मोजणे आहे.

खरा वेळ गेला तो घाटात, म्हणजे पैलूंच्या मापांत. “वहिनी, दिव्याखाली काचसुद्धा नाचते, उजेडाकडं या,” असे म्हणून मालक आम्हाला पेढीच्या दाराशी घेऊन आले. गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात, टोकाचा धरला तर ५८. पण खालचा भाग गरजेपेक्षा खोल किंवा उथळ पडला तर वरून आत गेलेला उजेड परत न येता खालून निसटतो आणि रंग, शुद्धता कितीही वरची असली तरी हिरा मधोमध मंद दिसतो. त्या साध्या उजेडात चौदापैकी एक खडा असा मंद निघाला. तो मुलीने दाखवला आणि त्यांनी कुरकुर न करता बदलला. कुडीत आणखी एक मेख आहे: एका गोलाभोवती त्याच मापाचे सहाच गोल चपखल बसतात, त्यामुळे सातांतला एखादा खडा जरा जरी लहान असला तरी पाकळ्यांत फट राहते. जडवलेल्या दागिन्याच्या प्रमाणपत्रात सहसा एकूण वजन आणि रंग-शुद्धतेचा पट्टा असतो. ही जुळणी आपल्यालाच पाहावी लागते.

बिलाविषयी समाधान आहे. कुड्यांचे ढोबळ वजन ६.२०० ग्रॅम, त्यातून ०.९८ कॅरेट हिऱ्यांचे ०.१९६ ग्रॅम वजा करून ६.००४ ग्रॅम सोन्याचीच आकारणी झाली, तीही १८ कॅरेटच्या दराने. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगळा दाखवला होता. हॉलमार्कचा ७५० हा आकडा (हजारात ७५० भाग सोने, म्हणजेच १८ कॅरेट) आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी हा दागिन्याचा ओळख क्रमांक आम्ही बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) अॅपवर तपासला. हॉलमार्क सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही. म्हणून प्रयोगशाळेत बनवलेले आणि खाणीतले हिरे नुसत्या डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत हे लक्षात घेऊन, ‘नैसर्गिक हिरे’ असे शब्द बिलावर लिहून घेतले.

तक्रारी दोन. परत घेण्याच्या अटी ते तोंडी सांगत होते आणि ‘आपलीच पेढी आहे, काळजी कशाला’ असे म्हणत होते. त्या कागदावर यायला दोन खेपा पडल्या. शिवाय कुड्या ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा मिळाल्या आणि डावीची फिरकी इतकी घट्ट होती की मुलीचा कान लाल झाला. पुन्हा गेलो, तेव्हा कारागिराने समोर बसून ती पंधरा मिनिटांत सैल करून दिली, पैसे घेतले नाहीत; गाडी लावायला जागा शोधण्यात मात्र त्याहून जास्त वेळ गेला.